सुरी मुठीकडून

लिबी सेडलाचेकच्या हाताखाली आमच्या काउंटीतले निम्मे उचले बटाटे सोलायला शिकले. कोर्टामागच्या तुरुंगात ती स्वयंपाकीण होती आणि मी किल्ल्या सांभाळायला. एकाच बोळाच्या दोन टोकांना आमच्या नोकऱ्या झाल्या. माझ्या टोकाला लोखंडाचा वास, तिच्या टोकाला कांदा परतल्याचा. आता दोघंही घरी बसलोय, आणि घरंही शेजारी शेजारीच. मधे फक्त तिचा रूबार्बचा, त्या आंबट देठांच्या भाजीचा, वाफा. हिवाळा सरला की त्या वाफ्यातून तिची हाक येते, "ए किल्लीवाल्या, जिवंत आहेस का?" आणि मी खिडकीतून म्हणतो, "तुझं जेवून अजून आहे, म्हणजे बघ."

तुरुंगाचा स्वयंपाक एकट्या बाईला उरकायचा नाही. म्हणून कैद्यांतलाच एखादा, ज्याच्यावर भरवसा टाकता येईल असा, तिच्या मदतीला मिळायचा. त्याला ट्रस्टी म्हणत. ट्रस्टीला एप्रन मिळे, कोर्टापुढचं गवत कापायला उन्हात जाता येई, आणि शिक्षेतले दिवसही कमी होत. चर्चला ट्रस्टी होते, शाळेला होते, त्यांच्या नावांच्या पितळी पाट्या होत्या. पण आमच्या मार्लो बेंड गावात नुसतं 'ट्रस्टी' म्हटलं की डोळ्यांपुढे यायचा तो नारिंगी कपड्यातला, हिरवळीवर यंत्र ढकलणारा माणूस. आया पोरांना दटावायच्या त्याही अशाच. अभ्यास कर, नाहीतर ट्रस्टी होशील.

नाव शेरीफ काढायचा, पण शेवटचा शब्द लिबीचा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर सुऱ्या टांगलेल्या. प्रत्येक सुरीमागे तिचाच आकार काळ्या रंगाने काढलेला. एखादी जागेवर नसली की रिकामा आकारच चुगली करायचा. नवा माणूस एप्रन बांधून आला की लिबी फळीवरची एक सुरी काढायची, पातं आपल्या हातात धरायची आणि मूठ त्याच्यापुढे करायची. बोलायची काही नाही. मग बटाट्याची बादली पुढे सरकवायची. तो क्षण मी कितीदा पाहिलाय. दाराएवढे गडी, मारामारी करून आत आलेले, ती मूठ हातात घेताना बावरायचे. गावात पुढे ती म्हणच झाली. कुणी कुणाला ट्रॅक्टर दिला, शेत कसायला दिलं की लोक विचारायचे, "मुठीकडून दिलं का?"

लिबीचा नवरा एमिल धान्याच्या कोठारावर काम करता करता गेला. मागे दोन लेकरं. थोरला मार्विन, अंगाने वाढला पण मन सात वर्षांवर थांबलेलं. शाळा सुटली की तो तुरुंगाच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि ट्रस्टी लोक त्याच्याशी सोंगट्या खेळायचे, मुद्दाम हरायचे. मार्विनचे आयुष्यातले खरे मित्र तेवढेच. फक्त एक व्हायचं. खेळता खेळता एक दिवस मित्राची शिक्षा संपायची आणि तो सुटून जायचा. दर वेळी मार्विन पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून रडायचा. सुटणं ही चांगली गोष्ट असते हे त्याला कुणाला पटवता आलं नाही.

धाकटी जोलीन. हुशार, बोलण्यात कुणाला न ऐकणारी, आणि पैसा हातात टिकत नसे. ऐन विशीत तिने आईच्या चेकबुकातले चेक फाडले आणि त्यांवर आईची सही केली. बँकेने लिबीला बोलावलं, सही तुमचीच का विचारलं. लिबी खुर्चीवर बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, नाही. तेवढ्या एका शब्दावर पोरगी आत आली, आमच्याच तुरुंगात. मीच दार लावलं तिचं. बायकांच्या बाजूला तेव्हा ट्रस्टीची जागा रिकामी होती. शेरीफने लिबीला दोनदा सुचवलं, तुझीच पोर आहे, घे स्वयंपाकघरात. लिबी म्हणाली, "तिथे कांदे आहेत ते सोल म्हणावं तुझ्या बायकोला." त्या काळात एकटीने राबली, पण पोरीला घेतलं नाही.

हे सगळं जुनं झालं. जोलीन सुटली, लग्न झालं, मोडलं, धान्य तोलायच्या काट्यावर नोकरी लागली. आईचं औषधपाणी तिनेच बघितलं, रविवारी मार्विनला आणणं-पोचवणंही तिचंच. मार्विन आता गावाबाहेरच्या पिवळ्या घरात असतो. तिथे त्याच्यासारखे आणखी काहीजण आहेत, सांभाळायला माणसं आहेत, आणि खर्च सरकार उचलतं. अट एकच, त्याच्या नावावर पैसा साचता कामा नये. साचला की मदत बंद, आणि मदत बंद म्हणजे पिवळं घर बंद.

गेल्या वसंतात लिबीच्या काळजाची झडप बिघडली. ओमाहा शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. तेव्हा ती वकिलाकडे गेली. वकील म्हणजे आमच्या किराणावाल्या क्लिफर्डचा नातू, ग्रांट. लिंकन शहरात वाढलेला, मऊ आवाजाचा पोरगा. त्याने मार्विनसाठी ट्रस्ट केला. म्हणजे असं की लिबीमागे पैसा मार्विनचाही नाही आणि जोलीनचाही नाही. तो ट्रस्टचा. जोलीन ट्रस्टी म्हणून सांभाळणार, आणि मार्विनला जे सरकार देत नाही ते त्यातून द्यायचं. दात, चष्मा, जत्रेतला पाळणा. घराचं झालं, जमिनीच्या तुकड्याचं झालं. राहिलं बँकेचं खातं. आयुष्यभराची शिल्लक त्यात होती. खात्याच्या कार्डावर 'माझ्यामागे कुणाला' अशी एक ओळ असते, तिथे वर्षानुवर्षं मार्विनचं नाव होतं. ग्रांट म्हणाला, ते तेवढं बँकेत जाऊन बदला. लिबी म्हणाली, बदलते. आणि बदललंही.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सह्यांची शेवटची फेरी होती. लिबीला गाडी चालवायची मनाई, म्हणून मी घेऊन गेलो. वाटेत काट्यावरून जोलीनलाही घेतलं. ग्रांटने बँकेतून आलेली कार्डाची नक्कल वाचली, परत वाचली.

"मिसेस सेडलाचेक, इथे नुसतं 'जोलीन सेडलाचेक' लिहिलंय."

"मग? नाव चुकलंय का तिचं?"

नाव बरोबर होतं. नावापुढचा शब्द नव्हता. ग्रांटने समजावून सांगितलं आणि चांगलं सांगितलं. नुसतं नाव असलं तर लिबी गेल्या दिवशी तो पैसा जोलीनचा होतो, तिच्या मालकीचा. ट्रस्टचा त्याच्याशी संबंध उरत नाही. आणि जोलीनवर तर दावा चालू आहे. तो आम्हा सगळ्यांना माहीत होता. हिवाळ्यात बर्फावर तिची गाडी घसरली, एका माणसाचा पाय गेला, आणि विम्याचा हप्ता तिने भरलेला नव्हता. कोर्टाने उद्या त्या माणसाच्या बाजूने निकाल दिला तर तो हे खातं गिळणार. मार्विनच्या वाट्याला काडी यायची नाही. ग्रांट म्हणाला, तिथे 'जोलीन सेडलाचेक, ट्रस्टी' असं हवं, आणि पुढे ट्रस्टचं नाव. एका शब्दाचं काम आहे.

लिबी म्हणाली, "तो शब्द मी माझ्या पोरीच्या नावाला लावणार नाही."

ग्रांटला काही कळेना. त्याने बिचाऱ्याने सुचवलं की मिस जोलीनवर भरवसा नसेल तर लिंकनची एखादी मोठी बँक ट्रस्टी म्हणून नेमता येते, त्यांची फी असते, पण होतं. लिबीने कार्डाची नक्कल त्याच्याकडे परत सरकवली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांना विचार ट्रस्टी कुणाला म्हणतात ते. त्यांच्या दुकानातून तुरुंगाचा किराणा मोजून आणायला मी माझेच ट्रस्टी पाठवत होते. आपल्या गावातल्या बँकेनेच माझ्या पोरीला आत घातलं. आता त्याच बँकेच्या कार्डावर तिच्या नावापुढे मी कैद्याचा शब्द लिहू? कार्ड लिहायला तिथे टेबलाशी बर्निस बसते. गावभर होईल."

जोलीन तोवर उठून बाहेर गेली होती.

माझ्या गाडीत पुढे एकच लांब सीट आहे. तिघं दाटीवाटीने बसलो, मी चाकाशी, लिबी मधे. गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. पाणी फिरवणारे लांबलचक पाइप शेतात उभे होते. जोलीन खिडकीकडे तोंड करून बोलायला लागली.

"तुरुंगात मी रोज ताट घ्यायला भिंतीतल्या त्या भोकाशी यायचे, आई. तुझा हात दिसायचा. मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसायचा. तोंड नाही."

"भोकच तेवढं होतं."

"तुझ्याकडे फळीभर सुऱ्या होत्या. चेक चोरणाऱ्या, नवऱ्याला बडवणाऱ्या, सगळ्यांना दिल्यास. एक तेवढी मला दिली नाहीस. आता वकिलाने कागदावर मला ट्रस्टी केलंय, तर बँकेत जाऊन तू तेवढाच शब्द वगळून आलीस."

"वगळला नाही. वाचवलं तुला त्यातून."

"कशातून?" जोलीन वळली. "तुला ती शिवी वाटते. बाहेरच्यांना वाटते. आत असताना त्याच्याहून मोठं काही नव्हतं गं. सगळ्या बायकांना तो एप्रन हवा होता. मलाही हवा होता."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. माझ्याच किल्लीने बंद झालेली ती पोरगी, आता केस पिकलेली, लिबीपलीकडे बसली होती आणि तिचा आवाज तेव्हाचाच होता.

लिबी म्हणाली, लोक बोलले असते. आईने लेकीला मऊ जागा दिली म्हणाले असते.

"बोलायचे राहिले का?"

लिबी म्हणाली, "लोकांचं निमित्त गं. मलाच भरवसा नव्हता."

"आणि आता?"

लिबीने पर्सची कडी उघडली, मिटली, उघडली. काट्यावर जोलीन उतरली, तेव्हा दार हातात धरून ती म्हणाली, "लिंकनच्या बँकेला नेम. त्यांच्या पोरी चेक फाडत नाहीत." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

ते दिवस वाईट गेले. रूबार्बमधून हाक आली नाही. लिबीच्या स्वयंपाकघरात दिवा असायचा, पण चुलीवर काही नसायचं. मला वासाने कळतं. जोलीन औषधं ठेवून जायची, बसायची नाही. मार्विनला पिवळ्या घरातून रविवारी आणायचं की नाही हेही ठरेना. मला वाटायचं, बाई या अवस्थेत ओमाहाला जाणार, परत आली नाही तर कार्डावरचं ते नुसतं नाव तसंच राहणार, आणि पाय गेलेल्या माणसाचा वकील ते आनंदाने वाचणार. खरं सांगायचं तर दुसरंही मनात यायचं. जोलीनने विमासुद्धा वेळेवर भरला नाही. मार्विनचं सगळं तिच्या हातात द्यायचं हे मलाच कुठे धड पटत होतं?

ऑपरेशनला थोडेच दिवस उरले असताना लिबी कुंपणाशी आली. चांगला कोट घातलेला.

"गाडी काढ, किल्लीवाल्या. बँकेत जायचंय."

"ठरलं का काही?"

तिने वाफ्यातलं एक पान मोडलं. "एक सांग. आपल्याकडे इतके ट्रस्टी झाले. त्यांतल्या एकाची तरी मला खात्री होती का?"

मी म्हणालो, मला कसं ठाऊक, सुरी तू द्यायचीस.

"नव्हती. कुणाचीच. खात्री असती तर फळीवर आकार कशाला रंगवून घेतले असते? सुरी देत होते, पण भिंतीला सांगून देत होते." पान तिने फेकून दिलं. "नुसतं नाव लिहिलं तर पैसा तिचा झाला. काय केलं, कुठे गेला, कुणी विचारायचं नाही. तो शब्द लिहिला की मागे आकार राहतो. रिकामा दिसला तर मार्विनच्या वतीने कुणीतरी विचारेल. तिलाही ठाऊक राहील की विचारतील. पोरीला मी इतकी वर्षं एक तर कोंडून ठेवली नाहीतर मोकळी सोडली. मधलं काही दिलंच नाही."

 मी गाडी काढली.

बँकेत शुक्रवारची गर्दी होती. बर्निस टेबलाशी. तिचंही वय झालंय, पण जुनं सगळं तिच्या लक्षात असतं आणि ते लक्षात असल्याचं तोंडावर दिसतं. लिबीने कार्ड मागितलं, म्हणाली 'माझ्यामागे कुणाला' ती ओळ बदलायची आहे. बर्निसने आवाज खाली आणून विचारलं, जोलीनचं नाव काढायचं ना?

"काढायचं नाही. पुढे लिहायचं. ट्रस्टी."

बर्निसची बोटं थांबली. रांगेत शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीतला व्हर्ल उभा होता, त्याने टोपी मागे सारली.

"मोठ्याने लिही, बर्निस."

"लिहिणं मोठ्याने कसं होईल, लिबी?"

"मग मी बोलते. जोलीन सेडलाचेक, ट्रस्टी. मार्विन सेडलाचेक ट्रस्टची. झालं? व्हर्ल, तुला ऐकू आलं का, का परत सांगू?"

व्हर्लने ऐकू आल्याचं सांगितलं. पुढचं काम मात्र लगेच उरकलं नाही. आधी संगणकाने ते घेतलंच नाही, कारण मागच्या वेळी बर्निसने 'व्यक्ती' या रकान्यात नाव टाकलं होतं आणि त्या रकान्याला पुढचा शब्द मान्य नव्हता. मग रकाना बदलला तर ओळ पुरेना, ट्रस्टचं नाव अर्ध्यात तुटायला लागलं. बर्निस म्हणाली, एवढ्याने चालेल. लिबी म्हणाली, "अर्ध्या नावाचा मुलगा नाही माझा." शेवटी बर्निसने मोठ्या शाखेला फोन लावला, ग्रांटला फोन लावला, आणि लिबी तोवर खुर्चीवर बसून राहिली, एक हात छातीवर ठेवून. तिचे ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, उद्या येऊ. ती म्हणाली, उद्याचं मला सांगू नकोस. पूर्ण ओळ छापून आली तेव्हा तिने ती बोट फिरवून वाचली आणि सही केली. याच टेबलाशी कधीकाळी ती सही आपली नसल्याचं म्हणाली होती. बर्निसलाही ते आठवलं असणार, कारण तिने कार्ड परत घेताना लिबीकडे बघितलं नाही.

रविवारी लिबीने डुकराचं मांस भाजलं, सोबत कणकेचे गोळे आणि आंबट कोबी. मला बोलावलं होतं. जोलीन मार्विनला घेऊन आली ती कोट न काढताच टेबलाशी बसली, जेवून लगेच निघायच्या तयारीने. बँकेतलं तिला कळलेलं होतं. काट्यावर व्हर्ल आला होताच.  मार्विन आपल्या खुर्चीत, मला पिवळ्या घरातल्या मांजराचं सांगत होता.

मांस कापायचं काम त्या घरात कायम लिबीचं. एमिल असतानाही तिचंच. तिने तवा टेबलावर ठेवला, लांब सुरी घेतली, आणि थांबली. मग पातं आपल्या हातात धरलं आणि मूठ जोलीनपुढे केली.

जोलीन बघत राहिली. आजारी माणसाचा हात, त्यात पातं, मला भीती वाटली. पण तिने तो मागे घेतला नाही. जोलीनने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि सुरी घेतली.

मार्विनचं मांजराचं बोलणं थांबलं होतं. ती खूण त्या घरात त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. पिठाच्या पोत्यावर बसून त्याने ती वर्षानुवर्षं पाहिलेली.

"जोलीन ट्रस्टी झाली?" त्याने आईला विचारलं.

"झाली."

त्याने हात जोरात टेबलावर आपटले, हसला. मग हसू मावळलं. बहिणीच्या तोंडाकडे बघत त्याने जे विचारलं, ते तो प्रत्येक ट्रस्टीला पहिल्याच दिवशी विचारायचा.

"मग तू सुटणार कधी?"

लिबी तव्यावरून वर बघेना. जोलीनने पहिली चकती कापली, काठाची, करपलेली, मार्विनला आवडते ती, आणि त्याच्या ताटात ठेवली.

"मी नाही सुटत, मार्विन."

"कधीच?"

"तू आहेस तोवर तरी नाही."

मार्विनने त्यावर विचार केला. असा ट्रस्टी त्याने आजवर पाहिला नव्हता. मग खुर्ची घासत घासत तिच्या जवळ सरकवली आणि खायला लागला. जोलीन कापत राहिली, चौघांना पुरून उरेल इतकं, तरी कापत राहिली, आणि तिचे डोळे मला तुरुंगाच्या दारातून पहिल्यांदा आत येणाऱ्या माणसासारखे दिसले. लिबीने ते पाहिलं. सुरी परत घ्यायला तिने हात पुढे केला नाही. गुरुवारी तिला ओमाहाला जायचं होतं.